टोपण काढलेलं औषध

आत्याबाई झोपेतच गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या वडगावात सुना सासूला अशीच हाक मारतात. सकाळी केडगावला नणंदेला, शोभाताईंना, फोन केला, तर रडायच्या आधी त्यांनी विचारलं, "वहिनी, पोटाच्या गोळ्या येळंवर देत व्हता नव्हं?" डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणत होते. मी तसं सांगितलंही... पण त्यांना पटलेलं नाही, हे फोनवरच कळलं.

तसा आत्याबाईंचाही कशावर विश्वास नव्हता. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघायच्या, गॅसची टाकी आली की हलवून बघायच्या. गुडघ्यांसाठी परस्पर गोळ्या खाऊन पोटात व्रण झाला, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि रोज नाश्त्याआधी घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. महिना उलटला तरी जळजळ तशीच. "पीठ भरून देतूय त्यो," आत्याबाई म्हणायच्या. मलाही दुकानदाराचाच संशय आला, म्हणून शिरूरच्या दुकानातून आणायला लागले. तरी गुण नाही. मग शोभाताईंनी माझ्या नवऱ्याला फोन केला, की वहिनी औषध खरंच देतात का? त्यानंतर मी कॅप्सूल काढून आत्याबाईंच्या हातावर ठेवेपर्यंत हे दारात उभे राहायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा कामावर जाताना डबा विसरला म्हणून मी वाटेतून माघारी आले. आत्याबाई कॅप्सूल उघडून आतले दाणे सहाणेवर मधात उगाळत होत्या, बाळाला मात्रा द्यावी तशा.

"हे काय करताय?"

"टोपान जनावराच्या हाडाचं असतंय म्हनं. माळकरनीनं कसं गिळायचं? आतलं औषिद घेतीयच की."

"कुणी सांगितलं?"

"सांगत्यात लोकं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू च्यात घालून पाजली असतीस."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते दाणे पोटातल्या आम्लातून अख्खे पुढे जायला हवेत, उगाळले की औषध वाया जातं, म्हणाले, आणि टोपण नसलेली गोळी लिहून दिली. तीही अख्खीच गिळायची. आत्याबाई बऱ्या झाल्या, पुन्हा ठेचा खायला लागल्या. मला एवढंच बजावलं, "शोभीला ह्यातलं कायबी सांगू नगंस. उगं जिवाला लावून घिईल." लाजत असतील, असं समजून मी गप्प राहिले. यांना सांगितलं, तेव्हा हे दारातून हलले.

दहाव्याला घाटावरून आल्यावर शोभाताईंना जळजळायला लागलं. मी पर्समधली कॅप्सूल पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"नगं वहिनी, हाडाचं असतंय ते. आयला मीच तर सांगितलं हुतं."

पाणी आणायच्या निमित्ताने मी आतल्या खोलीत गेले. लेकीला वाचवायला आत्याबाईंनी माझ्यावरचा आळ तसाच राहू दिला होता. शोभाताई हे वाचतील, वाचू द्या. असा राग आला... आणि त्या गेल्यापासून पहिल्यांदा मला तेव्हाच पोटातून रडू आलं. कडाडून भांडायचं होतं मला, आणि त्यांची खाट रिकामी होती.