त्रिकोणातली पाकळी

किती वर्षं झाली ते खुशनुमाला विचारू नका, ती आधी उसासाच टाकते. नाशिकरोडच्या एका कॉलेजात तिची पीएचडी रखडली आहे. विषय डीएनएची जेली. साच्यात ती त्रिकोणी गोठवायची. पाण्याचा आंबटपणा काढला की ती पसरून बेढब होते, आणि आंबट पाणी परत दिलं की म्हणे आपला त्रिकोण आठवून पुन्हा तशीच होते. म्हणे! आजवर दर वेळी निम्म्यातच लटकलेली. एकलहऱ्याहून रोज बसचे धक्के खात यायचं आणि हे बघायचं, माणूस विटणार नाही तर काय! त्यात महागडा डीएनए संपलेला, शेवटचा एक तुकडा उरलेला. तिचे गाईड आल्हादसर बोलून बसले होते, हा जमला नाही तर विषय बंद.

आणि नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. प्रयोगशाळेतल्या मावशी, नवसाबाई, तराजूला हळदकुंकू लावून यंत्रांना झेंडू वाहत होत्या. खुशनुमा पलीकडच्या खोलीतून आंबट पाणी बनवून आली, तर वाटीत पसरलेल्या त्या शेवटच्या जेलीत झेंडूची पाकळी!

"मावशी, हे काय केलंत?"

"अगं, सगळ्यांची पूजा झाली, तुझीच वाटी राहिली होती. म्हटलं, पोरीचं काम होऊ दे एकदाचं."

डोकं फिरलं तिचं, पण ओरडायलाही अंगात त्राण नव्हतं. पाकळी ओढावी तर जेली फाटायची. शेवटी मुकाट्याने पाणी ओतून ती स्टुलावर बसून राहिली. नवसाबाई प्रसाद आणायला गेल्या.

आणि काय सांगू, जेली हलली! कडा आवळल्या, एक कोपरा आला, दुसरा आला, मग चक्क तिसराही. पोटात पिवळी पाकळी घेऊन चांगला टोकदार त्रिकोण. खुशनुमाला रडूच फुटलं.

तिचं रडणं ऐकून आल्हादसर धावत आले. "वा! आला की गं! पण हे पिवळं काय? बाहेरचं काही पडलं की निकाल धरत नाहीत, तुला माहीत आहे. कुणाचा हा उद्योग?"

"माझाच, सर. झाकण ठेवायचं राहून गेलं."

सरांनी वाटी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. "मग संपलं, खुशनुमा," म्हणाले आणि निघून गेले.

तेवढ्यात नवसाबाई ताट घेऊन आल्या, वाटीत डोकावल्या आणि हरखल्या. "बघ, आला ना तुझा त्रिकोण? पूजा केली म्हणून!"

"हो मावशी, आला," म्हणत तिने प्रसादाला हात पुढे केला.