थंडावर अडकलेला काटा

जुमाकादिर रागावला नाही असा एकही दिवस डोंगरातल्या नारीन शहरात कुणाला आठवत नाही. तीस वर्षं त्यानं बस डेपोत वायरिंग केलं आणि तीसही वर्षं ड्रायव्हरांवर खेकसला. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरांच्या जागी गल्ली आली, एवढाच फरक. त्याची बायको बुरुल म्हणते, "झोपेत घोरतोसुद्धा भांडल्यासारखा."

त्या हिवाळ्यात हा सगळा राग एकाच माणसावर साचला होता. तो म्हणजे बुरुलचा धाकटा भाऊ, टॅक्सीवाला एर्मेक. मेहुण्यानं दाजीची टर उडवायची आणि दाजीनं हसून सोडून द्यायचं, ही इथली रीत. टर जुमाकादिरनं सोडलीही असती. पण एर्मेकच्या गाडीचा तापमानाचा काटा महिनाभर थंडावर पडून होता, आणि घरात असा दाजी असताना पठ्ठ्या बाजारातल्या दोन मेकॅनिकांकडे गेला! त्यांनी दोनदा सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला. काटा ढिम्म. मग एर्मेकनं स्वतःचं डोकं चालवलं. हिवाळ्यात रेडिएटरसमोर नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा सगळेच लावतात. यानं तीन लावले, आणि वरून इंजिनावरही एक पांघरला.

अशात एर्मेक आपल्या आईला, सायराकान आपाला, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी राजधानीत, बिश्केकला नेणार होता. दोलोन खिंडीतून. आदल्या दिवशी आपा त्याच गाडीतून लेकीचा निरोप घ्यायला आली, तेव्हा दुपारीच उणे अठ्ठावीस होतं. जुमाकादिर फाटकात उभा होता. गाडी थांबली आणि बॉनेटवर पडलेला बर्फ क्षणात पाणी होऊन ओघळला. पाठोपाठ उकळत्या कूलंटचा गोडसर वास आला.

"बंद कर ती गाडी!"

"सलाम तरी घ्या दाजी. आधीच थंड आहे बिचारी. बघा काटा."

"काटा बघू? हात लाव बॉनेटला! लाव ना! आत इंजिन शिजतंय, आणि हा वरून दुलई घालतोय!"

"काटा कशाला खोटं बोलेल? त्याला काय सासुरवाडी आहे?"

जुमाकादिरच्या कपाळाची शीर उडायला लागली. खिंडीत इंजिन बसलं तर उणे पस्तिसात सत्तर वर्षांची बाई किती वेळ तग धरेल, हे या टवाळाला कोण सांगणार?

त्यानं बॉनेट उघडलं, नमदा फेकला. सेन्सर अंगठ्याएवढा, पितळेचा, इंजिनात आट्यांवर पिळून बसवलेला. त्याला वायर एकच. वीज त्या वायरनं येते आणि आट्यांमधून इंजिनाच्या लोखंडात उतरते. "चावी फिरव, इंजिन चालू करू नकोस," तो ओरडला. वायर उपटून त्यानं इंजिनाला टेकवली.

"दाजी, काटा एकदम लाल!"

"म्हणजे काटा शहाणा आहे, वायरही शहाणी आहे. घरात वेडा एकच!"

वायर परत लावून त्यानं एका सुट्या तारेचं एक टोक सेन्सरच्या पितळेवर धरलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडावर. काटा पुन्हा वर चढला. म्हणजे सेन्सरही चांगला, फक्त तो लोखंडाला टेकत नव्हता. दोन-दोन सेन्सर फुकट बदलले गाढवांनी! इंजिन निवेपर्यंत तो अंगणात येरझाऱ्या घालत बाजारातल्या मेकॅनिकांच्या सात पिढ्या उद्धरत होता. गाडीतून न उतरणाऱ्या आईला बुरुलनं दुलई दिली, नवऱ्याला चहा आणून दिला, तर तो तिच्यावरही ओरडला.

शेवटी सेन्सर बाहेर आला. आट्यांवर करकचून गुंडाळलेली करडी लोकर, आणि तिच्यावर मेंढीच्या शेपटाची चरबी थापलेली. धातूला धातू टेकेल कसा?

"कुठल्या बिनडोकाचं काम आहे हे? कोण तो? हात मोडीन त्याचे!"

एर्मेकनं मागच्या सीटकडे बघितलं आणि ओठ दाबून धरले.

मागची काच खाली आली. "मीच दिली होती लोकर याला गुंडाळायला," सायराकान आपा म्हणाली. "महिन्यापूर्वी पाणी ठिबकत होतं. नवा बसवला की पुन्हा गुंडाळायला लावायची. माझ्या हातची लोकर आहे, जावई. थेंब तरी पडला का नंतर?"

सासूवर जावयानं आवाज चढवायचा नाही. जुमाकादिरची मान लालबुंद झाली. तो वळला आणि एर्मेकच्याच अंगावर धावून गेला. "लोकर उत्तम आहे! सूत कसं एकसारखं! पण तू... तू तांब्याचा वायसर का नाही घातलास? पाणीही अडलं असतं, वीजही गेली असती!"

"मी घालणार होतो दाजी, पण हात मोडायचे कुणाचे ते ठरू दे की आधी."

वायसर घालून सेन्सर बसला, कूलंट भरलं, इंजिन सुरू झालं. काटा उठला, मधोमध आला आणि न थांबता लालाकडे सरकत निघाला. जुमाकादिरनं पुढचे तिन्ही नमदे टराटरा ओढून काढले. काटा थबकला, मागे आला, मध्यावर स्थिरावला.

"माझे नमदे काढले," आपा म्हणाली. "उघड्या नाकानं गाडी खिंडीत? मी नाही जात."

एर्मेकचं हसू मावळलं. ऑपरेशनची तारीख तीन महिने वाट पाहून मिळाली होती. बुरुल विनवायला लागली. आपा ढिम्म.

"आपा," जुमाकादिर दात आवळून, होता होईल तेवढ्या हळू म्हणाला, "काट्यावर नजर ठेवायला मी येतो."

आपानं सीटवर सरकून जागा केली. "ये. पण वाटेत माझ्या लेकराला बोलायचं नाही."

दोलोनची खिंड त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ओलांडली. काटा मध्यावर होता. एर्मेक नारीनपासून एकसारखा दाजीची टर उडवत होता, आणि जुमाकादिर गुडघ्यांवर मुठी वळून समोर बघत होता. बिश्केक अजून अडीचशे किलोमीटर होतं.