वाघोली ते वाकड, येरवड्यावरून

पुण्यात कोणाला टाळायचं असेल तर आजारपणाचं सोंग घ्यावं लागत नाही. ‘ट्रॅफिक फार होतं हो’ एवढं म्हटलं की भागतं. ऐकणारा लगेच मान डोलावतो, वर स्वतःची एक हकिगत ऐकवतो. या कारणावर या शहरात कोणी शंका घेत नाही. पण एका बाईला तिच्या मानाच्या जागेवरून उठवण्यासाठी वाघोलीपासून वाकडपर्यंतचा अख्खा रस्ता कामाला लावलेला मी एकदाच पाहिला. त्याला बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

ती बाई म्हणजे मैना, आमच्या घरमालकांची मुलगी. मी मूळची शनिवार पेठेतली, पण वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली, तेव्हा आप्पासाहेबांच्या इमारतीत भाड्याने राहायला गेले. आप्पासाहेबांचं घराणं गावातलं, शेतीचं. नगर रस्त्याच्या कडेची जमीन बिल्डरला गेली आणि ज्वारीच्या जागी टॉवर उभे राहिले. आप्पासाहेबांनी उरलेल्या तुकड्यावर ही इमारत बांधली, दारात काळी स्कॉर्पिओ आणली आणि गळ्यात साखळी घातली. मुलगा इंद्रजीत कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन हिंजवडीला जाऊ लागला. सून तनुजाही तिथेच कामाला होती.

मैना इंद्रजीतपेक्षा पुष्कळ मोठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा अपघातात गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी दिवस होताच माहेरी आणून सोडली, ती कायमची. तेव्हापासून जिन्याखालच्या खोलीत ती शिलाई मशीन घेऊन बसलेली असे. टॉवरमधल्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडे रांग लावत, कारण तिच्या हातचा गळा कधी चुकत नसे. बोलायला मात्र ती महाकंजूष. मी अर्धा तास कॉलेजातल्या लोकांवर तोंडसुख घ्यायची आणि ती दातात धागा धरून हसायची. आमची मैत्री अशीच जमली.

इंद्रजीतला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आई मुक्ताई तेव्हा गोठ्यात आणि शेतात असायची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून बारावीच्या क्लासला एस. टी.ने पुण्यात नेऊन बाहेर कट्ट्यावर बसून राहण्यापर्यंत सगळं मैनाने केलं. जमीन विकायची वेळ आली तेव्हा हक्कसोडपत्रावर सहीही तिने मुकाट्याने केली. त्या दिवशी तिला कचेरीत न्यायला बिल्डरची गाडी सकाळपासून दारात उभी होती, आणि ती पुढच्या सीटवर बसली होती. हे मी मुद्दाम सांगतेय.

तनुजाला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे वाकडला, आणि बारसंही तिथेच. बारशात खरा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, आणि त्याच क्षणी जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आत्या ओरडते, सगळ्या हसतात. इंद्रजीतला सख्खी बहीण एकच. मैनाने तनुजाच्या सातव्या महिन्यापासून दुपटी शिवायला घेतली होती. जरीच्या काठाची कुंची तर तिने दोनदा उसवून पुन्हा शिवली. एवढ्या वर्षांत तिने स्वतःहून मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवसांत एकदा विचारलं, “काकू, धपाटे लई जोरात घालत्यात का हो?”

इकडे इंद्रजीतने प्रवासाचं प्लॅनिंग सुरू केलं. हा शब्द त्याचा. वाघोलीहून वाकडला जायचं, म्हणजे शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. पूर्वी लोक बैलगाडीने आळंदीला जायचे तेही एवढा विचार न करता. पण इंद्रजीत कंपनीत प्रोजेक्ट लीड होता. त्याने इंटरनेटवरून नकाशे छापून आणले आणि ओसरीत टेबलावर पसरले. नगर रस्ता खणून ठेवलेला, येरवड्याला सिग्नलवर जन्म जायचा, म्हणून त्याने लोहगावचा रस्ता काढला. लोहगावहून विश्रांतवाडी, तिथून भोसरी, पुढे वाकड. शहरात शिरायचंच नाही. एका रविवारी तो स्वतः या रस्त्याने जाऊन आला आणि येताच त्याने आप्पासाहेबांना सांगितलं की येरवड्यावरून जाणारा माणूस मूर्खच असला पाहिजे. मी तिथे चहा पीत बसले होते. मला ते पटलंही.

पुढच्या आठवड्यात टेबलावर नवा नकाशा आला. त्यावर लाल रेघ होती ती येरवड्यावरून.

मी विचारलं, मूर्खांचा रस्ता का निवडला? तर म्हणाला, शकूआत्याला पिकअप करायचंय. शकू म्हणजे आप्पासाहेबांच्या चुलतभावाची मुलगी, येरवड्याला दिलेली. इंद्रजीतची लांबची बहीण. बाळाच्या नात्याने तो आतापासूनच तिला आत्या म्हणू लागला होता. वर्षातून एकदा भाऊबीजेला उगवायची, ओवाळणी घेऊन जायची. तिला रिक्षा मिळत नाही का, असं मी विचारणार होते, तेवढ्यात माझी नजर गाडीतल्या जागांच्या आकृतीवर गेली. होय, त्याने तीही काढली होती. पुढे आप्पासाहेब. मध्ये मुक्ताई आणि इंद्रजीतचे चुलते-चुलती. मागे शकू, तिचे यजमान आणि सामानाच्या टोपल्या. मैना कुठेच नव्हती.

“ताई संध्याकाळी येईल,” इंद्रजीत म्हणाला. “ट्रॅफिक कमी झाल्यावर. मी परत येऊन घेऊन जाईन तिला.”

संध्याकाळी वाकडहून येणारं ट्रॅफिक कमी होतं, असं म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मी म्हटलं, बारसं सकाळी आहे, आत्या संध्याकाळी येऊन काय भांडी घासणार आहे का? तो नकाशाची घडी घालायला लागला. ती नीट बसेना. शेवटी हळूच म्हणाला, “काकू, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण आई-आप्पांचं म्हणणं आहे की पहिलं मूल आहे, सवाष्ण आत्या असलेली बरी. ताईला वाईट वाटू नये म्हणून हे असं अरेंज केलंय.”

पर्सनली काही प्रॉब्लेम नाही! मला या वाक्याची जेवढी घृणा आहे तेवढी उघड शिवीची नाही. आप्पासाहेब निदान जुन्या वळणाचे, चुकीचे असले तरी त्यांचा त्यावर विश्वास तरी होता. हा मात्र अमेरिकेतल्या साहेबाशी रात्री इंग्रजीत हुज्जत घालणारा, ज्याच्या खिशात दोन फोन, आणि ज्या बहिणीच्या कडेवर वाढला तिला नको म्हणायला याने नगर रस्त्याचं खोदकाम पुढे केलं. वर तिला वाईट वाटू नये म्हणून! मी त्याला जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. पेठेत वाढल्याचा एवढाच फायदा असतो.

मी तडक मैनाच्या खोलीत गेले. आप्पासाहेबांनी तिला ओवाळणीच्या तबकाचा रुमाल शिवायला दिला होता आणि तिने तो शिवलाही होता. मी सगळं सांगितलं. मशीनचं चाक थांबलं. मला वाटलं आता रडेल, तर तिने रुमालाची घडी घातली.

“लोहगावचा रस्ता सोडला तवाच मला कळलं,” ती म्हणाली. “शकीला घ्यायलाच येरवड्याला जात्यात. न्हाईतर कोन जातंय?”

मग कोणाला काही बोललीस का नाही, म्हणून मी तिच्यावरच भडकले. तिने ऐकून घेतलं. नंतर जे बोलली ते मी तिच्या तोंडून एकदाच ऐकलं.

“त्यांनी माझ्या तोंडावर म्हनायचं हुतं, तू नको. मी मान खाली घालून घरात बसले असते, काकू. आजवर बसलेच की. पन माझ्याशी खोटं बोलायचं, अन् ते बी माझ्या भावानं? आता न्हाई बसनार.” आणि रुमाल बाजूला ठेवत, “तुमची गाडी वाकडपर्यंत जाईल का?”

माझी गाडी म्हणजे जुनी ॲक्टिव्हा. कॉलेजपर्यंत जाताना कुरकुरायची. मी म्हटलं, ढकलत नेईन.

बारशाच्या सकाळी स्कॉर्पिओ सजूनधजून निघाली. मैनाने टोपल्या स्वतः उचलून गाडीत ठेवल्या. मुक्ताईने तिला दार नीट लावून घ्यायला सांगितलं. इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आरसा सारखा करत होता. गाडी कोपऱ्यावरून वळली तशी मैना आत गेली आणि हिरवट निळी इरकल नेसून बाहेर आली. ती साडी मी कधी पाहिली नव्हती. हातात कुंचीची पिशवी होती. ती तिने टोपलीत घातलीच नव्हती.

आम्ही लोहगावच्या रस्त्याने गेलो. इंद्रजीतचं एक खरं होतं, रस्ता चांगला होता. मैना माझ्यामागे एका अंगाला बसली होती, एक हात माझ्या खांद्यावर, एक पिशवीवर. मी रस्ताभर तिच्या घरच्यांचा उद्धार करत होते आणि ती अधूनमधून फक्त खड्डा आला की सांगायची. पण भोसरीच्या पुढे गाडी बंद पडली. गॅरेज सापडेपर्यंत आम्ही दोघींनी ती खरोखरच ढकलत नेली. सकाळ तिथेच सरली.

वाकडला पोचलो तेव्हा फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आत बायका घुगऱ्या वाटत होत्या. बारसं उरकलं होतं. शकू पाळण्याजवळ खुर्ची टाकून पाठ चोळत हसत होती. आम्हाला पाहून एकेक आवाज बंद होत गेला. आप्पासाहेब गॅलरीतून आत आले. इंद्रजीतच्या हातात पेढ्यांचं ताट होतं, ते तसंच राहिलं.

तनुजा पाळण्यामागे पलंगावर बसली होती. तिने आश्चर्याने विचारलं, “ताई, तुम्हाला बरं नव्हतं ना? हे म्हणाले, ताप आहे म्हणून.”

म्हणजे आमच्याकडे ट्रॅफिक आणि इथे ताप. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण मैनाने माझा दंड धरला. चपला काढल्या, पाय धुऊन आली, आणि पाळण्याशी गेली. मुक्ताई अर्धवट उठली. “मैना, झालंय सगळं,” ती म्हणाली. “नाव ठिवलंय.”

“ठिवलं असंल,” मैना म्हणाली. “त्याचं त्याला कळलं. माझं अजून कळायचं हाय.”

तिने बाळाच्या डोक्याला कुंची बांधली. ती बरोबर बसली. मग वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं, पण बोलली ती अशी की खोलीतल्या शेवटच्या बाईला ऐकू जावं.

“कुर्र. मी मैना. तुझी आत्या.”

आणि ती तशीच वाकून राहिली, आमच्याकडे पाठ करून. कशाची वाट पाहतेय ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कोणाचा हात उठला नाही. शकूने घुगऱ्यांच्या वाटीत पाहिलं, मुक्ताईने जमिनीकडे. मी पुढे निघाले होते, कारण एवढ्या बायकांची लाज मला एकटीला वाटायला लागली होती.

माझ्याआधी तनुजा उठली. तिच्या आईने हात धरला तो तिने सोडवला. बाळंतीण ती, पलंगाला धरून उतरली, दोन पावलं चालून आली आणि तिने मैनाच्या पाठीत धपाटा घातला. हलका नव्हता. चांगला सणसणीत आवाज आला.

“लागलं ना, ताई?” तनुजाने विचारलं.

मैना सरळ झाली. तिचे डोळे वाहत होते. “अजून एक घाल,” ती म्हणाली.