आबांच्या तीन बाटल्या

आबा काल गेले. मी मातीला गेलो नाही.

ऑफिसचं काम आहे असं कळवलं. काम नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत एका सल्लागाराकडे कॉम्प्युटरवर नदी चालवायचो. म्हणजे नदीत वर किती घाण आली तर खाली पाणी कसं मिळेल, याचं गणित मांडायचो. मॉडेल म्हणतात त्याला.

डिग्री नाही. बारावी नापास. प्रोग्रॅमिंग जुन्या पुस्तकांतून एकट्याने शिकलो. याचा फार गर्व होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू.

इंदापूर तालुक्यात नीरेच्या डाव्या काठावर एका वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर हवी होती. जवळच, त्याच काठाला, गावच्या सांडपाण्याचा ओढा नदीला मिळायचा. ओढा मिळतो त्याच्या खालच्या अंगाला विहीर चालेल का, एवढाच प्रश्न.

दगडू आबा त्या वस्तीतले. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचे, पात्र सगळं पायाखालचं. म्हणून मोजणीला सोबत घेतले.

तिथे उन्हाळ्यात नीरा वाळूच्या बेटांमुळे तीन धारांत फुटते. आबा तिन्हीत उतरले, तीन बाटल्या भरून आणल्या. ओळखू याव्यात म्हणून गळ्याला सुतळी. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

मी तिन्ही बाटल्या एका बादलीत ओतल्या.

ढवळून एक नमुना घेतला. कारण माझ्या मॉडेलमध्ये नदी म्हणजे एकच पाट. एक रुंदी, एक खोली, एक पाणी.

आबा बादलीकडे बघत राहिले.

"सायेब, तुमी कालवलं. नदी न्हाय कालवत हितं. वढ्याचं पाणी ह्याच कडंनं जातं, पार खालच्या डोहापतूर. हीर वढ्याच्या वर घ्या."

मी म्हणालो, कॉम्प्युटरने तपासलंय, घाण सगळ्या नदीत मिसळून पातळ होते.

समाजमंदिरातल्या बैठकीत त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. सगळ्यांसमोर. आणि मी विचारलं,

"आबा, शिक्षण किती झालंय तुमचं?"

लोक हसले. मागून एक पोरगा म्हणाला, "आबा, आता कलिंगडं कॉम्प्युटरात लावा."

आबाही हसले. खाली बसले.

हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारलाय. तो कुठे लागतो हे मला नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच विचारला.

विहीर ओढ्याच्या खालीच झाली.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत कावीळ. आबांच्या मंडळी, शेवंताकाकू, महिनाभर सरकारी दवाखान्यात. वाचल्या. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

मग मी मॉडेल पुन्हा लिहिलं. तिन्ही धारा वेगळ्या, प्रत्येकीचं पाणी वेगळं, जिथे एकत्र येतात तिथेच बेरीज. मोजलेल्या आकड्यांशी जुळलं. विहीर ओढ्याच्या वर हलली.

मला व्याख्यानांना बोलावणी आली. एवढ्याशा शिक्षणात हे सुचलं कसं, असं लोक कौतुकाने विचारायचे. मी म्हणायचो, "निरीक्षण."

तुमच्यापैकी कित्येकांनी हे माझ्या तोंडून ऐकलंय.

अहवालात आबांचं नाव नाही. 'मोजणी मदतनीस, एक', एवढंच.

एकदा माफी मागायला गेलो होतो. आबांनी आग्रहाने जेवायला बसवलं. काकू भाकरी वाढत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माफीचं टाळलं, पावसापाण्याचंच बोललो. निघताना आबाच म्हणाले, "हीर वर गेली न्हवं? मग झालं."

मी तेवढ्यावर सुटलो. आबांनी सोडलं, ते मला सोयीचं होतं.

म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितोय. ते मला सुचलं नव्हतं. आबांनी सांगितलं होतं आणि मी त्यांना भर बैठकीत गप्प केलं होतं. ज्यांनी मला त्या मॉडेलबद्दल शाबासकी दिली, त्यांनी ती परत घ्यावी.

उद्या काकूंकडे जातोय. हेच त्यांच्यासमोर बोलायचंय. जमेल की नाही, माहीत नाही.

आबा, तुमचं बरोबर होतं.

शेवटचा जय भीम.