ओवाळणीचा हौद

आमच्या घरातला गरम पाण्याचा हौद मी एकदाच गरम झालेला पाहिला, आणि तेही घर आमचं होण्याआधी.

घर मामाचं होतं, म्हणजे आईच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची उमरेडच्या खाणीवर बदली झाली आणि त्याने नागपुरातलं हे घर विकायला काढलं. न्हाणीघरात पांढऱ्या फरशांचा कमरेइतका खोल हौद होता, भिंतीपलीकडे अंगणात मोठा बंब. बंब पेटवला की भिंतीतल्या दोन नळ्यांमधून पाणी फिरतं आणि हौद तापतो, असं मामा रंगवून सांगे. आईला संधिवात होता. थंडीत तिला पाटावरून उठवायला दोघं लागत. बाबांना घर मुळीच पसंत नव्हतं. कचेरी लांब पडत होती, विहिरीचं पाणीही जड होतं. ते तयार झाले ते फक्त त्या हौदासाठी.

भाऊबीजेला आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता आणि वर वाफ होती. आईने कोपरापर्यंत हात बुडवला आणि डोळे मिटून घेतले. मामा म्हणाला, "घराचं मी भाऊजींशी बोलतो. हौद माही ओवाळणी समज, ताई."

एकदा आमच्यासमोर बंब पेटवून दाखवा, असं बाबा म्हणाले, तर आईनेच त्यांना दटावलं. "ओवाळणी कोणी देणाऱ्यासमोर उघडून पाहते काय? काहीतरीच तुमचं." आमच्याकडे ओवाळणीचं पाकीट भाऊ गेल्यावरच उघडतात.

डिसेंबरात राहायला आलो आणि बंब पेटवला. बंबातलं पाणी खदखदलं, हौदातलं मात्र जसंच्या तसं गार. नळीत हवा अडकली असेल म्हणून बाबांनी तोटी उघडून पाहिली. क्षार साचला असेल म्हणून मी कॉलेजातून आले की नळ्यांची तोंडं तारेने खरवडत बसायची. तार वीतभर आत जायची आणि अडायची. दोन आठवडे आम्ही दोघं मूर्खासारखे त्या भिंतीशी झटत होतो. आई दारात उभी राहून म्हणायची, "जाऊ द्या न आता."

शेवटी बाबांनी नळवाला आणला. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, अंदर तो कुछ हैच नहीं." फरशी फोडली. दोन्ही नळ्या आतून कापलेल्या, तोंडांत लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. वरचं सिमेंट नवंकोरं होतं.

ठोकाठोकी ऐकून शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "भाऊबीजेच्या दिवशी पाणी तर आमच्याच चुलीवर तापवलं ना," त्या म्हणाल्या. "मामा म्हणे, बहिणीले खूश करायचं आहे. बादल्या वाहून वाहून आमच्या माणसाचे हात भरून आले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या बहिणीचा केसाने गळा कापणारा माणूस, आणि त्याला मी लहानपणापासून खांद्यावर बसवून फिरवणारा मामा म्हणून ओळखत होते. बाबा एवढंच म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ." दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीत जाण्याआधी आईसाठी बंबातलं पाणी बादल्यांनी न्हाणीघरात नेऊ लागले.

संक्रांतीला मामा जेवायला आला. मी गुळाच्या पोळ्या वाढत होते. एक वाढली, दुसरी वाढली, मग राहवेना. "मामा, नळ्या काहून कापल्या?"

"सडल्या होत्या. भिंत गळून राहिली होती."

"मग सांगितलं काहून नाही?"

तो आईकडे पाहायला लागला. "मी सांगितलं होतं. तुह्या आईले विचार."

आईने मान वर केली नाही. "त्याले बदलीवर जायचं होतं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक भेटत नव्हतं. अन् हौद नसता तर तुझ्या बाबांनी हे घर घेतलं नसतं."

मामाची लबाडी मी एव्हाना पचवली होती. आईची मला आजही पचलेली नाही. ज्या गुडघ्यांसाठी बाबांनी नावडतं घर घेतलं, तेच गुडघे तिने भावासाठी पुढे केले होते, आणि आम्ही भिंत खरवडताना ती दारात उभी राहून सगळं पाहत होती.

बाबांचा घास हातातच राहिला. "मले सांगितलं असतं," ते हळूच म्हणाले, "तरी घेतलं असतं मी." आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादल्या नेहमीच्या वेळी न्हाणीघरात नेऊन ठेवल्या. "पाणी काढलं वं," अशी हाक ते रोज मारत, ती मात्र मारली नाही. आई स्वयंपाकघरात हाकेची वाट पाहत बसली आणि पाणी निवून गेलं.