मस्कत-मुंबई, अडीच तास

आधीच सांगते. भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मीच लिहिते आणि शिरूरच्या बाजारात मीच वाटते. तेव्हा कॉमेंटमध्ये मला विज्ञान शिकवू नका.

माझा थोरला भाऊ मिलिंद मस्कतला वेल्डर होता. दौंडच्या एका एजंटमार्फत गेला होता. साईटवर परांचीवरून पडून तो गेला. मस्कत ते मुंबई अंतर साधारण पंधराशे किलोमीटर, विमानाला अडीच तास. आमच्या वडगाव रासाईहून मुंबई विमानतळ गाठायला याच्या दुप्पट वेळ लागतो. तरी महिना उलटला आणि दादा तिथल्या शवागारातच. कंपनी म्हणे सही बाकी आहे, एजंट म्हणे कंपनीचा निरोप नाही. माल असता तर एव्हाना सुटला असता.

आईला आम्ही खरं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असंच करतात — मयत दारात येईपर्यंत 'ॲडमिट आहे' म्हणायचं. मला पटत नव्हतं, पण आईला बीपी, आणि सगळी भावकी एका बाजूला. ती रोज भाकरी करायची, मी तिच्यासमोर बसून गिळायची.

शेवटी एजंटचा फोन आला — विमान शुक्रवारी. शेजारच्या सलीममामांची ॲम्ब्युलन्स आहे, त्यांना सांगून ठेवलं.

बुधवारी सकाळी उठले तर चूल थंड. आई पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली.

"आई, चहा?"

"आज चूल पेटवायची न्हाई. मयत घरी यायचं आसल्यावर पेटवत्यात व्हय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगतंय? तुमी समदी तोंडं शिवून बसलाय. उतरलाय मिलिंद मुंबैला. जा, आन त्याला."

तिचा फोन तपासला. आदल्या दिवसापासून एकही कॉल नाही. दादा गेल्याचं कुणी बोलून गेलं असेल, हे मी समजू शकते. पण उतरलाय? ते तर आम्हालाच माहीत नव्हतं. एजंटला फोन लावला.

"मॅडम, शुक्रवार सांगितलं ना. आईंचं वय झालंय, मनावर घेऊ नका."

सलीममामा मात्र किल्ली घेऊन उभे. "चल गं. खोटं निघालं तर घाटात वडापाव खाऊन माघारी येऊ. आन् खरं निघालं तर पोरगं एकटं पडलंय तिथं."

मुंबई विमानतळावर कार्गोच्या खिडकीतल्या माणसानं दादाचं नाव स्क्रीनवर पाहिलं. "पहाटेच आलीय बॉडी. एजंटला मेल गेलाय. कळवलं ना त्यांनी?"

"नाही."

"मग तुम्ही आलात कशा?"

"आईनं पाठवलं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

घरी पेटी उतरवली तेव्हा आई रडली नाही. पेटीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "लई येळ लावला रं."

नंतर मी तिला खोदून खोदून विचारलं. "कळलं," म्हणते, आणि भांडी घासायला लागते. सगळे तर्क लावून पाहिले. योगायोग म्हणावं तर इतके दिवस चूल रोज पेटत होती, नेमकी त्याच सकाळी का नाही? उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर सांगा, पण 'आईचं काळीज' वगैरे ऐकवू नका.

मेल हातात असताना एजंटला कळलं नाही, हे मात्र कोडं नाही. ते मी त्याच्या ऑफिससमोर बसून विचारणार आहे.