एस्तेरबाईंची उपकारस्तुती

हे मी लीलाला सांगितलं नव्हतं. माझी बायको ती, तेवीस वर्षं एका छपराखाली राहिलो, तरी नाही. पाळकसाहेबांनाही नाही. आणि खरंच सांगायचं तर — प्रार्थनेतसुद्धा हे मी कधी शब्दांत मांडलं नाही. देवाला ठाऊक असेलच, असं म्हणून पुढे सरकत आलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी तोंड उघडलं की काहीतरी फार चांगलं बाहेर येतं, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

हुबळीत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी. रेल्वेच्या कारखान्यात नोकरीसाठी नगर, सोलापूर, मिरजेकडून आलेली वीस-पंचवीस घरं. स्वतःचं चर्च नव्हतं. सकाळी कानडी मंडळीची भक्ती आटोपली की दुपारी तीनला त्यांच्याच चर्चमध्ये आमची. पाळकसाहेब धारवाडहून बसने यायचे. मी कारखान्याच्या ऑफिसात कारकून; अक्षर बरं आणि आवाज मोठा, म्हणून मंडळीचा सेक्रेटरी झालो. आवाज चांगला आहे असं लोक म्हणायचे — आणि मला ते ऐकायला आवडायचं, हेही लिहून टाकतो.

दिवाळीनंतर हंगामाचा सण असायचा. कानडी मंडळी त्याला सुग्गी म्हणायची. शेती कुणाचीच नव्हती, पण बाजारातून आणलेल्या शेंगा, मिरच्या, भोपळे वेदीपुढे रचले जायचे. आणि आमच्याकडे एक रीत होती. वर्षभरात देवानं जे केलं त्याबद्दलची उपकारस्तुती प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायची, आणि सेक्रेटरीनं त्या सगळ्या चिठ्ठ्या मंडळीसमोर मोठ्यानं वाचायच्या. एकही गाळायची नाही. वाचली गेली की ती मंडळीची स्तुती झाली, असं आम्ही मानायचो. ज्याची चिठ्ठी असेल तो उभा राहायचा आणि सगळे मिळून आमेन म्हणायचे.

काय काय असायचं त्या चिठ्ठ्यांत! क्वार्टर मिळालं म्हणून उपकार. गॅसचा नंबर लागला म्हणून उपकार. जावयाला तारिहाळच्या फॅक्टरीत चिकटवलं म्हणून. एकानं तर लागोपाठ तीन वर्षं स्कूटरचा नंबर लागावा म्हणून आगाऊ उपकार मानले होते आणि चौथ्या वर्षी स्कूटर दारात आल्यावर चिठ्ठी टाकायलाच विसरला. हसू नका — माझ्याही चिठ्ठ्या तशाच होत्या. बढती, पंखा, लीलाचं ऑपरेशन नीट पार पडलं ते. मिळालं की उपकार. न मिळालेल्याची चिठ्ठी कोण लिहितो?

एस्तेरबाईंनी लिहिली.

एस्तेरबाई विधवा. एका बालवाडीत आया होत्या. शेवटून तिसऱ्या बाकावर बसायच्या, शेजारी त्यांची मुलगी करुणा. एकुलती एक. करुणा अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. हृदयाची झडप खराब आहे, म्हणाले डॉक्टर. आम्ही मंडळीनं उपास धरला, आळीपाळीनं घरी जाऊन प्रार्थना केली. मीही गेलो. मी डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्या पोरीच्या दंडावर मला लाल दोरा दिसला.

शेजारणीनं बांधला होता. कुठल्याशा दर्ग्यातून आणला होता, माया होती म्हणून बांधला. एस्तेरबाईंनी तो काढला नव्हता. शेजारीण रात्रंदिवस उपयोगी पडणारी, तिचं मन कसं मोडायचं — इतकंच कारण. मला हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

तरी पुढच्या कमिटीत मी त्या दोऱ्याचा विषय काढला. दोरा बांधलेल्या हातासाठी प्रार्थना कशी ऐकली जाईल, असं मी म्हणालो. माझ्या त्या चांगल्या आवाजात म्हणालो. का? उपास करून करून पोरगी बरी होत नव्हती, आणि आमच्या प्रार्थनेचं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता — त्याला उत्तर हवं होतं. मी उत्तर पुरवलं. आठ दिवसांत ते घरोघर पोचलं. पंधराव्या दिवशी करुणा गेली. मातीला सगळे आले, पण बायका एस्तेरबाईंपासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. आईच्या अविश्वासामुळं पोर गेली, हे कुणी त्यांना तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरजच राहिली नव्हती.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळीनंतर हंगामाचा सण आला. एस्तेरबाई आल्या, त्यांच्या नेहमीच्या बाकावर एकट्या बसल्या. टोपली फिरली. मी वेदीशेजारी उभा राहून चिठ्ठ्या वाचायला लागलो. मधेच एक वहीच्या पानाचा तुकडा हातात आला, पेन्सिलनं लिहिलेला, अक्षर लहान मुलासारखं. वाचण्याआधी नजर फिरवायची माझी सवय होती. त्यात होतं —

‘करुणा बरी झाली नाही. ती गेली त्या दुपारी मी प्रभूला वाईट वाईट शिव्या दिल्या. तो उठून गेला नाही. माझ्यापाशी बसून राहिला. म्हणून उपकार. एस्तेर.’

किती वेळ मी थांबलो? लोकांना वाटलं असेल, अक्षर लागत नाही. मी डोळे वर केले. एस्तेरबाई उभ्या राहिल्या होत्या. वहीच्या कागदावरून त्यांना कळलं होतं की चिठ्ठी त्यांची आहे. पदर डोक्यावरून नीट घेऊन, दोन्ही हात समोरच्या बाकावर ठेवून त्या वाट पाहत होत्या.

बघा, ती चिठ्ठी वाचली असती तर काय झालं असतं? अख्ख्या मंडळीला कळलं असतं की ज्या बाईवर देव कोपला असं आपण म्हणतो, तिच्याजवळ तो बसला होता. दोऱ्याची गोष्ट तिथंच संपली असती. बायका पुन्हा तिच्या बाकावर जाऊन बसल्या असत्या. तिला एवढंच हवं होतं — तेही तिनं मागितलं नव्हतं, नुसते उपकार मानले होते. आणि दोऱ्याची गोष्ट सुरू करणारा मी, सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो असतो.

मी ती चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीखाली सरकवली आणि पुढची वाचली. कुणाला तरी मुलगा झाला होता. मंडळी आमेन म्हणाली. एस्तेरबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. एकजण मागे वळून बघायला लागला, तेव्हा बसल्या.

घरी येऊन मी तो कागद पाण्याच्या पेटत्या बंबात टाकला. पाठ मात्र झाला होता. एस्तेरबाईंनी काही विचारलं नाही. त्या येत राहिल्या, पण चिठ्ठी परत कधी टाकली नाही.

इथवर भ्याडपणा म्हणता येईल. भित्री माणसं जगात पुष्कळ असतात. पण मी तिथं थांबलो नाही, आणि खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

सहा वर्षांनी लीलाला कॅन्सर झाला. मंडळीनं पुन्हा उपास धरला. या खेपेला दंडावर दोरा नव्हता, सेक्रेटरीची बायको होती, विश्वासात काही खोट नव्हती — आणि तीही करुणासारखीच गेली. एका बुधवारी, दुपारी, मी शेजारी असताना. आणि तेव्हा मला काय आठवलं असेल? ती चिठ्ठी. मी वाट पाहिली. कुणीतरी येऊन बसेल म्हणून खरोखर वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग मी शिव्या देऊन पाहिल्या. मनापासून नाही. एस्तेरबाईंनी दिल्या आणि तो बसून राहिला, तर मीही देऊन बघावं, म्हणून. खोलीत लीला होती, औषधाच्या बाटल्या होत्या आणि मी होतो. चौथं काही नव्हतं. मी घाबरलो. ती भीती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मातीच्या आधी चर्चमध्ये चार शब्द बोलायला मला उभं केलं. माझ्याकडे एकही शब्द नव्हता. समोर सगळी मंडळी, कानडी मंडळीतलेही बरेच आलेले. सगळे माझ्याकडे बघताहेत, मास्तरानं धडा म्हणायला उभं केलेल्या पोराकडे बघावं तसे. आणि मी म्हणालो — लीला बरी झाली नाही. ती गेली त्या दुपारी मी प्रभूला वाईट वाईट शिव्या दिल्या. तो उठून गेला नाही. माझ्यापाशी बसून राहिला. म्हणून उपकार.

चर्चमध्ये हुंदके ऐकू यायला लागले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. नाव बदललं होतं, बाकी एक अक्षरही माझं नव्हतं.

दुःखात माणूस काय बोलतो त्याचं त्याला भान नसतं, असं म्हणाल? मला भान होतं. वाक्य संपल्यावर कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, तेसुद्धा कळत होतं. आणि आतून रिकामा असताना, लोक रडताहेत हे बघून मला बरं वाटलं.

एस्तेरबाई तिथंच होत्या. कब्रस्तानातून परतताना त्या माझ्या बाजूनं चालायला लागल्या. मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई चारचौघांत मला उघडं पाडणार — आणि सांगतो, क्षणभर मला तेच हवं होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, “अण्णा, त्या वर्षी माजी चिठ्ठी वाचला न्हाई तुमी. मनात लई राग होता बगा. आता कळलं. तवा तुमाला ते ठावं नव्हतं. आता ठावं झालं.” थोडं चालून पुढे म्हणाल्या, “मला वाटायचं, हे मला एकटीलाच झालंय की काय. बरं वाटलं.”

त्यांनी मला क्षमा केली होती. मला जे कधी मिळालंच नाही, ते मिळालं असं समजून केली होती. मी मान हलवली.

मग काय, ती साक्ष — मंडळीपुढं असा अनुभव सांगण्याला आम्ही साक्ष म्हणतो — गाजली. पाळकसाहेबांनी उपदेशात घेतली. मिळालेल्या वस्तूंपलीकडची कृतज्ञता बघायची असेल तर या माणसाकडे बघा, असं ते म्हणाले आणि मी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलो. कुणाचं माणूस गेलं की मला बोलावणं यायला लागलं. हुबळीत, धारवाडला, एकदा तर कलघटगीला, तिथं कानडीत सांगितली. कानडीतही ती चांगली वाटते. लोक माझा हात धरून रडतात. त्यांना खरंच आधार मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि प्रत्येक घरात मी गुपचूप इकडेतिकडे बघतो — इथं तरी कुणी आहे का? एकदाही कुणी जाणवलं नाही.

एस्तेरबाई मात्र अधूनमधून माझ्याकडे यायच्या. आपण दोघं एकाच वाटेचे, अशा समजुतीनं यायच्या. चहा घ्यायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. खरं सांगायला मला किती दुपारी मिळाल्या! मी बिस्किटं पुढे करायचो.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात होत्या. मी गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती, वॉर्डात ताटांचा आवाज चालला होता. त्या फार वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी हात पुढे केला, घट्ट धरला. त्यांना भीती वाटत होती. एस्तेरबाईंना भीती वाटलेली मी कधी पाहिली नव्हती.

“अण्णा, चार दिस झाले, कोण बसल्यागत वाटत न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमाला कळतंय न्हवं? तुमी सांगा. हाय काय?”

जगात त्यांना हे विचारायला मी एकटाच माणूस होतो. खरं बोललो असतो, मलाही कधी कुणी जाणवलं नाही बाई, म्हणालो असतो, तर निदान आम्ही दोघं एकाच भीतीत एकमेकांजवळ बसलो असतो. तेवढी सोबत मी देऊ शकत होतो. तेवढीच माझ्याकडे होती.

“आहे,” मी म्हणालो.

“कुठं?”

मी खाटेच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. त्या तिकडे बघायला लागल्या. डोळे बारीक करून, मान थोडी उचलून, बघत राहिल्या. मी उठलो तेव्हाही त्या तिकडेच बघत होत्या, आणि कपाळावर आठी होती, आपलंच काहीतरी चुकतंय अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

त्यांच्या मातीला मी बोललो. तीच साक्ष दिली, लीलाचं नाव घेऊन.

आज पाळकसाहेबांचा निरोप आला आहे. नवनगरात एका बाईचा वीस वर्षांचा मुलगा गेला, ती कुणाशी बोलत नाही, तुम्ही जाऊन या. उद्या रविवार, भक्ती आटोपल्यावर पाचच्या बसनं जाईन. तिच्याजवळ बसेन, आणि तेच सांगेन.